मापाची गिटार

गेल्या पाडव्याची गोष्ट. फराळ आटोपून आम्ही पान लावत बसलो होतो, तोच पुतण्याने विषय काढला. त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. आणि तीही दुकानातली नव्हे, कारागिराला सांगून खास घडवून घेतलेली. खर्च दीड लाख! दादा जाऊन चार वर्षे झालेली. वहिनी उठून आत गेल्या आणि हातातल्या पाटल्या काढून त्यांनी माझ्यापुढे आणून ठेवल्या. "भावोजी, तुम्हीच सांगा. मोडू का?"

मी जन्मभर इतिहास शिकवलेला मास्तर. गिटारीतले मला ओ की ठो कळत नाही. पण सोन्यावर बेतल्यावर म्हटले, आठ दिवस द्या; आणि जुन्या सवयीने पुस्तके उघडून बसलो.

एरवी गिटारीचा आवाज घुमतो तो तिच्या पोकळ पोटात. विजेच्या गिटारीचे मर्म निराळे. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीज उमटते. ती वाढवून लाउडस्पीकरातून ऐकवायची. अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास ही युक्ती साधली. पोटाची गरज सरल्यावर लाकूड भरीव चालू लागले आणि आकारही हवा तो घेता येऊ लागला. "मला माझ्या मनासारखी घडवून द्या" असे म्हणायची सोय झाली ती तेव्हापासून.

तसे म्हणणाऱ्यांतला एक पहिला गडी म्हणजे मर्ल ट्रॅव्हिस हा केंटकीचा गिटारवादक. कॅलिफोर्नियात त्याची गाठ पॉल बिग्जबी या मोटारसायकलींच्या कामात मुरलेल्या यंत्रकारागिराशी पडली. (आपल्या मिरजेत हत्यारे घडवणारे शिकलगार नाही का सतारी-तंबोरे करू लागले!) ट्रॅव्हिसने गिटारीचे चित्रच काढून दिले. अंग पातळ नि भरीव हवे, म्हणजे स्वर लांब टिकेल. आणि सहाही खुंट्या एकाच बाजूला हव्यात, म्हणजे तारा बदलताना हात वळवावा लागणार नाही. १९४८ साली ती गिटार तयार झाली. बिग्जबीने पुढे अशी वाद्ये मोजकीच केली, पण त्यासाठी गिऱ्हाइके ताटकळत थांबत.

जवळच फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. गंमत अशी, की त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! पण त्याने ओळखले, की भरीव गिटार कारखान्यातूनही काढता येईल. मान चिकटवण्याऐवजी त्याने ती चार स्क्रूंनी आवळली. बिघडली तर बदलून टाकावी. १९५० साली त्याच्या भरीव गिटारी बाजारात आल्या आणि १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' आली. तिच्याही सहा खुंट्या एकाच बाजूला! ही कल्पना माझी, असे ट्रॅव्हिस म्हणत राहिला. फेंडरने ते कधी मानले नाही. तो वाद मी मिटवणार नाही. आपल्याला एवढेच पुरे, की बाजारातली गिटारसुद्धा फाटकी-तुटकी वस्तू नव्हे.

पुरावा हवा तर जिमी हेंड्रिक्स घ्या. गडी डावखुरा. उजव्या हाताची तयार स्ट्रॅटोकास्टर त्याने उलटी धरली, तारा फिरवून लावल्या, आणि १९६९ साली वुडस्टॉकच्या माळावर तिच्यावर असे काही वाजवले, की आजही लोक त्याचे नाव काढतात. त्याच्या मापाची ती नव्हतीच!

मग पैसे घालून घडवायची कशाला? याचे उत्तर मला लंडनच्या एका पोराने दिले. ब्रायन मे हा शाळकरी मुलगा. फेंडरची गिटार परवडणारी नव्हती. १९६३ साली त्याने आणि वडिलांनी घरीच एक करायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी मानेला, जुन्या टेबलाचे ओक अंगाला. मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे, एका दांड्याच्या टोकाला विणायची सुई! दोघांचे दोनेक वर्षे हात राबले. पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदात तो हीच गिटार वाजवत राहिला. (त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.) २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर उभे राहून त्याने वाजवली तीही हीच.

म्हणजे पैसा हा यातला मुख्य मुद्दा नव्हेच. ट्रॅव्हिसला काय टोचत होते ते त्याला बोट ठेवून दाखवता येत होते. मेलाही कसा आवाज हवा ते ठाऊक होते. स्वतः गुंडाळलेली वेटोळी मनाजोगी बोलेनात, तेव्हा त्याने ती बाजूला ठेवून बाजारातली आणून बसवली. ज्याच्या हाताला तयार वाद्यातले उणे कळले, त्याने घडवून घ्यावे. त्याचा पैसा सत्कारणी लागतो. ज्याला ते कळलेले नाही, तो शिंप्याकडे माप न देता कोट सांगतो. कोट येतो, पण दुसऱ्याच कोणाच्या अंगाचा.

आठ दिवसांनी पुतण्याला जवळ बसवले आणि विचारले, "दुकानातल्या गिटारीत तुला काय कमी वाटते?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, माझी अशी वेगळी हवी." पोर खोटे बोलले नाही, हे मला आवडले. वहिनींच्या पाटल्या मी परत त्यांच्या हातात घातल्या. माझ्या पेन्शनीतून त्याला एक साधी तयार गिटार घेऊन दिली. सोबत एक कोरी वही. म्हटले, "हात कुठे अडतो ते यात लिहीत जा. पान भरले की कारागिराकडे आपण दोघे जाऊ."

यंदा फराळाला आला तेव्हा वही घेऊनच आला. वर्षात तीनच ओळी. पहिली अशी: "मान अंगठ्याला जाड पडते, खालच्या तारेवर बोट उशिरा पोचते."

वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "घाई नको. पण आता पैसे साठवायला हरकत नाही."