भगेंद्र : एक दोरा आणि दोन भवितव्ये

कोल्हापुरात काय किंवा आसपासच्या तालुक्याच्या गावी काय, बाजारातून चालताना ‘मूळव्याध, भगेंद्र’ अशी पाटी दिसतेच. हा भगेंद्र म्हणजे सुश्रुतसंहितेतला भगंदर. गुदद्वाराजवळ त्वचेवर उघडणारी, आत आतड्याशी जोडलेली, पू वाहणारी नळी. सुश्रुताने त्याला आठ महारोगांत बसवले आणि त्याचे पाच प्रकार सांगितले. त्यांतल्या ‘शतपोनक’ प्रकारात चाळणीसारखी अनेक छिद्रे पडतात. हे वर्णन आपण ध्यानात ठेवू.

नळी चिरून उघडावी, तर मलावर ताबा ठेवणारा स्नायूच तुटण्याची भीती. म्हणून क्षार लावलेला दोरा ओवून ती हळूहळू कापायची, अशी जुनी युक्ती होती. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी 1960 च्या दशकात तिला पुन्हा शिस्तीत बसवले. निवडुंगाचा चीक, गणपतीच्या पत्रीतल्या आपल्या ओळखीच्या आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण 21 लेप! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या दोऱ्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. 1991 मध्ये निष्कर्ष आले: जखम भरायला दोऱ्याने सुमारे 8 आठवडे, शस्त्रक्रियेने 4, पण वर्षभरात रोग उलटला तो अनुक्रमे 4 आणि 11 टक्के रुग्णांत. परंपरेला असे मोजून पाहणे आम्हाला फार मोलाचे वाटते.

तरीही काहींचा भगेंद्र पुनःपुन्हा का फुटतो?

न्यूयॉर्कमध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपेनहायमर यांनी 1932 मध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येणाऱ्या 14 रुग्णांचे वर्णन केले. (लेखकांची नावे वर्णानुक्रमे होती, म्हणून रोगाला क्रोनचे नाव!) 1938 मध्ये पेनर आणि क्रोन यांनी अशा रुग्णांतल्या भगेंद्रावर लिहिले. म्हणजे नळी बाहेर दिसली, तरी विस्तव आतड्यात असतो. अमेरिकेतल्या एका जिल्ह्यातील पाहणीत क्रोन रुग्णांपैकी सुमारे 26 टक्क्यांना 20 वर्षांत असा भगेंद्र झालेला आढळला. त्यांत अनेक छिद्रेही पडतात. शतपोनक आठवावा, पण सुश्रुताने क्रोनच पाहिला असे मात्र म्हणता येणार नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच. जुलाब, ताप, घटणारे वजन ही आतड्याच्या क्षयाचीही लक्षणे, आणि क्षयातही भगेंद्र होतो. क्रोनला क्षय समजले तर महिने वाया जातात. क्षयाला क्रोन समजून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले तर क्षय भडकतो.

अशा औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅब हे एक प्रतिपिंड. 1999 च्या चाचणीत त्याच्या ठरलेल्या मात्रेने 55 टक्के रुग्णांच्या सर्व नळ्या वाहायच्या थांबल्या. औषधाविना 13 टक्के. पण 2004 च्या चाचणीत, सुरुवातीला गुण आलेल्या आणि औषध चालू ठेवलेल्या रुग्णांतही वर्षाअखेर हे प्रमाण 36 टक्केच होते. 2001 मध्ये या औषधानंतर क्षय झाल्याची 70 उदाहरणे प्रसिद्ध झाली. म्हणून आता आधी क्षयाची तपासणी होते. मूळपेशींचे इंजेक्शन युरोपात 2018 साली आले, पण पुढच्या मोठ्या चाचणीत फरक न दिसल्याने 2024 मध्ये मागे घेतले गेले.

दोरा मात्र टिकून आहे. क्रोनच्या रुग्णात तो कापायला नसतो. सैल ठेवतात, म्हणजे पू साचत नाही, वाहून जातो, आणि तोवर आतड्यावरच्या औषधाला काम करायला वेळ मिळतो.