डिकीतल्या खोक्याचा इतिहास

१/ रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून एखादी गाडी अष्टमीत शिरते. गाण्याचे शब्द कळत नाहीत, ठोका मात्र छातीत जाणवतो. तो एकट्या स्पीकरचा नव्हे, त्यामागील खोक्याचाही असतो. या खोक्याला इतिहास आहे.

२/ १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पाया घातला. उघड्या स्पीकरचा पडदा पुढची हवा दाबतो, तेव्हा मागची विरळ होते. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर. ती कडेने वळते आणि पुढची-मागची लहर एकमेकींना खोडते. यासाठीच खोके हवे.

३/ बेल प्रयोगशाळेतील थुरास यांनी खोक्याला मापाचे भोक ठेवून मागचा आवाजही कामी आणला. पेटंट १९३२ चे. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी खोके हवाबंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवले. लहान खोक्यातून खोल खर्ज निघू लागला.

४/ १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी भोकाच्या खोक्याचे गणित मांडले. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्तारले. प्लायवुड कापण्यापूर्वी कारागीर खोक्याचे लिटर ठरवतो, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे.

५/ पण लांब लहर भिंतीही सहज ओलांडते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली. मागची लहर खोक्यात कोंडता येते. पुढची कुठवर जाऊ द्यायची, हे आवाजाचे बटण फिरवणाऱ्यानेच ठरवायचे.