घोड्याचे गणित आणि प्रश्नाची पारख

शास्त्रात उत्तर शोधणाऱ्याचे कौतुक होते. प्रश्न पारखणाऱ्याचे सहसा होत नाही. मानसशास्त्रात तर ही पारख फारच अवघड. मन प्रत्येकालाच असल्यामुळे त्याविषयीच्या प्रश्नांना तोटा नाही. त्यांतला कोणता अभ्यासास योग्य, हे कसे ओळखावे? बर्लिनमधील एका घोड्याची हकिकत या बाबतीत मोठी उद्बोधक आहे.

विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. हान्स नावाच्या आपल्या घोड्याला त्यांनी कित्येक वर्षे खपून शिकविले होते. बेरीज विचारा, तारीख विचारा. हान्स खुराचे ठोके देऊन उत्तर देई आणि ते बहुधा बरोबर असे. १९०४ साली एकच वाद माजला : घोड्याला बुद्धी आहे, की ही मालकाची लबाडी? सप्टेंबरात मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुंफ व इतर मंडळी मिळून १३ जणांनी तपासणी केली आणि लबाडी आढळत नाही असा निर्वाळा दिला.

पण एवढ्याने वाद मिटेना. कारण घोड्याच्या बुद्धीची बाजू घेणारे व ती नाकारणारे दोघेही तेच ठोके पुढे करीत. ज्या प्रश्नावर कोणीच चूक ठरू शकत नाही, त्यावर व्याख्याने झडतात, संशोधन होत नाही. श्टुंफ यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी प्रश्न लहान केला : विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर काय होईल?

एक आकडा ओस्टेन यांनी घोड्याच्या कानात सांगावयाचा, दुसरा फुंग्स्ट यांनी. एकाचा आकडा दुसऱ्यास कळता कामा नये. बेरीज हान्सने करावयाची. अशा ३१ खेपांत अवघी ३ उत्तरे बरोबर आली. आकडे माणसांना ठाऊक असताना मात्र ३१ पैकी २९ बरोबर! पुढे उलगडा झाला. प्रश्न विचारून माणूस खुराकडे पाहण्यास किंचित वाकतो आणि अपेक्षित ठोका पडताच त्याचे डोके नकळत वर होते. घोडा गणित करीत नव्हता, माणूस वाचीत होता. १९०७ साली फुंग्स्ट यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले.

ओस्टेन यांनी हा निष्कर्ष मनाने कधी स्वीकारला नाही. १९०९ साली ते वारले. आपण त्यांना हसू नये. त्यांनी कोणाला फसविले नाही. मात्र जे उत्तर आपल्याला नको आहे, तेही येऊ शकेल असा प्रश्न त्यांनी घोड्याला कधी घातला नाही.

चांगला प्रश्न आपल्या जागेपुरता राहत नाही, ही त्याची दुसरी खूण. १९६३ साली अमेरिकेत रोझेंथाल व फोड यांनी विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले. काहींना सांगितले, तुमचे हुशार आहेत, काहींना, तुमचे मठ्ठ आहेत. 'हुशार' उंदीर वाट शिकण्यात सरस ठरले! तबेल्यातला प्रश्न आता प्रयोगशाळेत शिरला होता. औषधाच्या चाचणीत कोणाला खरे औषध दिले, हे रोग्याप्रमाणे डॉक्टरलाही कळू देत नाहीत, त्यामागे हीच सावधगिरी आहे.

तेव्हा प्रश्न हाती घेताना तो किती भव्य आहे, हे पाहू नये. त्याचे उत्तर आपल्या विरुद्ध जाऊ शकते काय, आणि गेले तर त्यातूनही काही शिकता येईल काय, हे आधी पाहावे.