श्रुतींची पेटी आणि घरचा संगणक

यंत्रांतून निघालेला सूर खरा मानावा कीं नाहीं, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. सातारा व सांगली या दोन गांवांत तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं मोठ्या हिरीरीनें विचारला गेला. संगणकावरचें गाणें घरच्या स्टिरिओ रिसीव्हरवर ऐकूं पाहणाऱ्या गृहस्थापुढें तोच प्रश्न निराळ्या वेषानें उभा राहतो.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. तारेच्या लांबीवरून त्यांनीं स्वरांचीं कंपनें मोजलीं आणि त्या प्रयोगांस अब्दुल करीम खां यांच्या गळ्याचें साहाय्य लाभलें. बावीस श्रुतींवरील देवलांचें इंग्रजी पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि उभयतांच्या खटपटीनें श्रुतींची पेटी तयार झाली.

अशा पेटीची गरज कां वाटावी? साध्या पेटींत सप्तकाचे बारा सूर कारखान्यांत एकदां ठरले कीं कायमचे ठरले. तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गंधार, त्याहून पेटीचा समभागी गंधार चढा असतो. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले तर सुमारें १४ भागांनीं. ही तफावत दूर करण्याची त्या दोघांची उमेद होती. परंतु १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ही पेटी पुढें आली, तेव्हां पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्यासारख्या जाणत्यांस ती पटली नाहीं. १९४० सालीं तर ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवरच बंदी घातली, ती सुमारें तीन दशकें टिकली.

पेटीला जें साधलें नाहीं, तें संगणकास साधलें. तो ध्वनि अंकांच्या रूपानें सांठवितो. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें एका सेकंदास ४४,१०० मापें घेण्याची रीत रूढ केली. अंकांना पट्ट्यांचें बंधन नाहीं, त्यामुळें कोणतीही श्रुति त्यांत सुखानें राहते. दोष आतां सुरांत नसून त्यांच्या वाटेंत आहे.

मिरजेच्या तंबोऱ्याचेंच उदाहरण घ्यावें. या वाद्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें. काळी एक या पट्टींत लावलेल्या तंबोऱ्याचा षड्ज सुमारें १३९ कंपनांचा, तर खर्ज सुमारें ६९ कंपनांचा. संगणकाच्या बोटभर पडद्यास इतकी मंद हवा हलवितां येत नाहीं. वरच्या उपस्वरांवरून कान खर्जाची कल्पना करतो, म्हणून तंबोरा ओळखूं येतो. पण त्याची भरदार आस खोलींत उतरत नाहीं.

उपाय सोपा आहे. संगणकाच्या हेडफोनच्या जागेंतून निघालेली तार तांबड्या व पांढऱ्या पिनांनीं रिसीव्हरच्या ‘ऑक्स’ या जागीं जोडावी, ‘फोनो’ या जागीं नव्हे. ती जागा रेकॉर्ड-प्लेअरच्या क्षीण प्रवाहासाठीं असून तेथें आवाज अनेक पटींनीं वाढवितात आणि खर्जही मुद्दाम फुगवितात. जोडणीनंतर घरघर ऐकूं आली, तर तें बहुधा घरच्या ५० आवर्तनांच्या विजेचें काम असतें. दोन्ही यंत्रांस एकाच ठिकाणाहून वीज दिली कीं तें पुष्कळदां थांबतें. दोन्हीकडे सोय असेल तर प्रकाशवाहक तारेनें अंक जसेच्या तसे रिसीव्हरकडे न्यावे. तेथें त्यांचा पुन्हां ध्वनि होतो आणि विजेचा संपर्कच उरत नाहीं.

एक मर्यादा मात्र ध्यानांत ठेवावी. मिरजेंत चिरविश्रांति घेत असलेल्या अब्दुल करीम खांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन घेतलेल्या. त्यांत जो खर्ज उतरलाच नाहीं, तो कोणताही रिसीव्हर परत आणूं शकत नाहीं. जें उतरलें, तें वाटेंत न सांडतां कानापर्यंत पोंचविणें एवढेंच यंत्राचें काम. देवल-क्लेमेंट्सांची पेटी मागें पडली. परंतु यंत्रानें गवयाच्या सुराशीं इमान राखावें, ही त्यांची मागणी आजही रास्तच आहे.