लक्ष्मीपूजनाची रात्र आणि शंभर ग्रॅम चॉकलेट

कुत्र्याच्या पोटात चॉकलेट गेल्यावर पहिले काही तास घरच्यांना काहीच वेगळं दिसत नाही, आणि त्याला वाचवण्याची सर्वात चांगली संधी त्याच तासांत असते. खालचा घटनाक्रम कोणत्याही एका घराचा नाही. घर आणि रात्र कल्पित आहेत. मात्र विषाचं प्रमाण, लक्षणांचा क्रम आणि उपचार पशुवैद्यकांच्या रोजच्या माहितीतले आहेत. कुत्री बीगल जातीची, चार वर्षांची, वजन 10 किलो.

संध्याकाळी 7.15 : बारा तास बाकी

पूजा आटोपली आहे. घरातले सगळे सोसायटीच्या आवारात फटाके उडवायला उतरले आहेत. भेट आलेला खोका टीपॉयवर उघडा राहिला आहे. त्यात 70 टक्के कोको असलेली डार्क चॉकलेटची 100 ग्रॅमची वडी आहे. बीगलच्या नाकाला ती लगेच सापडते. दोन-तीन मिनिटांत कागद फाडून वडी फस्त.

अशा वडीत कुत्र्याला विषारी ठरणारी दोन द्रव्यं असतात: साधारण 800 मिलिग्रॅम थिओब्रोमीन आणि 80 मिलिग्रॅम कॅफीन. 10 किलोच्या कुत्रीसाठी हे किलोमागे 88 मिलिग्रॅम झालं. किलोमागे 20 ला उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात, 40 ते 50 ला हृदयाची लय बिघडू शकते आणि 60 च्या पुढे झटके येऊ शकतात. तिच्या पोटात तिन्ही मर्यादांच्या वरचा डोस गेला आहे. हीच वडी 30 किलोच्या लॅब्रेडॉरनं खाल्ली असती, तर किलोमागे 30 च्या आत राहिली असती. मिल्क चॉकलेटच्या एवढ्याच वडीत थिओब्रोमीन 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तर केकसाठी आणलेल्या 100 ग्रॅम कोको पावडरमध्ये 2,000 च्या वर. म्हणून ‘चॉकलेट खाल्लं’ एवढं कळून भागत नाही. कोणतं खाल्लं, किती खाल्लं आणि खाणाऱ्याचं वजन किती, हे तिन्ही कळावं लागतं.

रात्री 7.45 : साडेअकरा तास बाकी

मंडळी वर येतात. सोफ्याखाली फाटका कागद सापडतो. “आई, हिनं सगळं चॉकलेट खाल्लं!” कुत्री शेपूट हलवत समोर उभी आहे. “काही होत नाही. मागे केक खाल्ला होता, तेव्हा कुठे काय झालं?” कागद कचऱ्यात जातो.

तेव्हा खाल्लेल्या केकच्या तुकड्यात कोको किती होता, हे कुणी मोजलेलं नसतं. आता कुत्री ठीक दिसते, कारण वितळलेलं चॉकलेट पोटात गोळा होऊन बसतं आणि त्यातलं थिओब्रोमीन रक्तात सावकाश उतरतं. या घटकेला डॉक्टरांनी अपोमॉर्फिनचं इंजेक्शन देऊन उलटी करवली असती, तर बरंचसं चॉकलेट बाहेर आलं असतं. अख्ख्या रात्रीत इतका सोपा आणि इतका परिणामकारक उपाय पुन्हा मिळणार नाही.

रात्री 9.30 : पावणेदहा तास बाकी

पाण्याचं भांडं दुसऱ्यांदा रिकामं झालं आहे. कुत्री दाराशी जाऊन कुंईकुंई करते. बाहेर आतषबाजी चालू असल्यानं तिला खाली न्यायला कुणी धजत नाही.

थिओब्रोमीन लघवी वाढवतं. लघवीतून बाहेर पडणारं हे द्रव्य मूत्राशयात साठून राहिलं, तर तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं. रुग्णालयात अशा कुत्र्यांना सलाइन लावतात आणि मूत्राशय वारंवार रिकामं राहील हे पाहतात, ते याचसाठी.

रात्री 11.00 : सव्वाआठ तास बाकी

पहिली उलटी, तपकिरी रंगाची. घरात हायसं वाटतं. “निघालं सगळं. थोडा दहीभात द्या, पोट शांत होईल.”

निघालं ते थोडंच. बरंचसं आतड्यात उतरलं आहे. शिवाय रक्तात गेलेलं थिओब्रोमीन यकृतातून पित्तावाटे आतड्यात येतं आणि तिथून पुन्हा रक्तात जातं. ही फेरी तोडायला डॉक्टर औषधी कोळसा देतात, गरज पडल्यास अनेकदा. दही, दूध, तूप यांचा इथे काही उपयोग नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. त्यातून मिठाचीच विषबाधा होऊ शकते.

रात्री 1.00 : सव्वासहा तास बाकी

ती बसत नाही. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये नुसत्या फेऱ्या. तोंड उघडं, धाप लागलेली. “फटाक्यांना घाबरलीय बिचारी.” कुणीतरी पंखा वाढवतं, दिवा मालवतं.

दिवाळीत या विषाची लक्षणं फटाक्यांच्या भीतीसारखी दिसतात आणि तिथेच घात होतो. भ्यालेलं कुत्रं बहुधा पलंगाखाली शिरतं आणि आवाज थांबले की हळूहळू निवळतं. इथे बाहेर सामसूम होत चालली आहे आणि तिची अस्वस्थता वाढते आहे. मेंदूला शांत करणारं ॲडेनोसीन हे द्रव्य ज्या जागी बसून काम करतं, त्या जागा थिओब्रोमीननं अडवल्या आहेत. कुलपात चुकीची किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसं.

माणसाच्या शरीरातून निम्मं थिओब्रोमीन 6 ते 10 तासांत निघून जातं. कुत्र्याला त्यासाठी 17 ते 18 तास लागतात. म्हणजे निम्मं विष उतरायला उद्याची दुपार उजाडेल.

पहाटे 3.30 : पावणेचार तास बाकी

मागचे पाय थरथरताहेत. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येत नाहीत. एरवी विश्रांतीत मिनिटाला शंभराच्या आसपास चालणारं हृदय 200 च्या वर गेलं आहे. पेशींमधलं कॅल्शियम वाढल्यामुळे स्नायू आणि हृदय सारखे आकुंचन पावत आहेत.

आता घरी उलटी करवणं धोक्याचं आहे. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. अजूनही रुग्णालय गाठलं तर थरथर थांबवणारी, हृदयाची गती आवरणारी औषधं आहेत. घरात ठरतं, “सकाळी दवाखाना उघडला की नेऊ.”

पहाटे 5.30 : पावणेदोन तास बाकी

पहिला झटका. चारही पाय ताठ, मान मागे, तोंडाला फेस. तो ओसरतो न ओसरतो तोच दुसरा येतो. सतत आकुंचन पावणाऱ्या स्नायूंमुळे अंग तापलं आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस. ते 41 च्या पुढे गेलं की मेंदू आणि इतर अवयवांना इजा होऊ लागते.

सकाळी 6.00 : सव्वा तास बाकी

नेहमीचा दवाखाना पाडव्यामुळे बंद. फोन उचलला जात नाही. शेजाऱ्यांकडून, ओळखीच्यांकडून नंबर मागवले जातात. चोवीस तास चालणारं रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडतं.

सकाळी 6.50 : पंचवीस मिनिटं बाकी

डॉक्टरांचा पहिला प्रश्न: काय खाल्लं, किती वाजता? कागद कचऱ्यातून केव्हाच गेला आहे. डायझेपाम, सलाइन, अंग थंड करणं, ईसीजी, हृदयाची लय सावरणारं इंजेक्शन, सगळं एकाच वेळी सुरू होतं. थिओब्रोमीनवर उतारा नाही. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत हृदय आणि मेंदू सांभाळत राहायचं, एवढाच उपचार.

सकाळी 7.15

ईसीजीवरची लय तुटते. हृदय थरथरतं आणि थांबतं.

ही वेळ येऊ नये म्हणून

चॉकलेट खाल्लेली बहुतेक कुत्री वेळेवर उपचार मिळाल्यास वाचतात. या बीगलचा डोस मोठा होता, तरी 7.45 ला गाडी निघाली असती तर तिची वाचण्याची शक्यता खूपच जास्त होती. म्हणूनच कुत्रं ठणठणीत दिसतंय म्हणून थांबू नका. लक्षणांची वाट पाहणं म्हणजे विष रक्तात जाण्याची वाट पाहणं.

ब्रिटनमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की कुत्र्यांनी चॉकलेट खाल्ल्याच्या घटना नाताळात आणि ईस्टरला ठळकपणे वाढतात. सणाला घरात चॉकलेट येतं, उघड्यावर राहतं, माणसं गडबडीत असतात. आपल्याकडे मिठाईच्या जोडीनं चॉकलेटचे खोके दिवाळीत घरोघरी येऊ लागले आहेत; त्यांत मनुके असतील तर मूत्रपिंडांनाही धोका, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्यानं कोसळते.

तेव्हा खोका आला की आधी कपाटात, वरच्या फळीवर आणि दार लावून. पाहुण्यांना आणि मुलांना स्पष्ट सांगायचं: लाडानं एक तुकडासुद्धा नाही. कुत्र्याचं वजन माहीत हवं. रात्री आणि सणासुदीला उघडं असणारं रुग्णालय कुठलं, याची चौकशी वसुबारसेच्या आतच करून नंबर मोबाइलमध्ये आणि फ्रिजवर लावून ठेवायचा. तरीही खाल्लंच, तर कागद जपून ठेवा, त्यावरचं कोकोचं प्रमाण आणि वजन डॉक्टरांना वाचून दाखवा, आणि ते म्हणतील ते लगेच करा. धोका नसेल तर तसं डॉक्टरच सांगतील. तो निर्णय शेपूट हलतेय की नाही, हे पाहून घरात घ्यायचा नसतो.