रमण्याची दक्षिणा

सेनापति खंडेराव दाभाडे यांची श्रावणांतील दक्षिणा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली. विद्वानांची परीक्षा शास्त्रीमंडळी घेत व योग्यतेप्रमाणें रक्कम ठरवीत; बाकीच्या ब्राह्मणांस पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत सरसकट अल्प दक्षिणा मिळे. एकाच खजिन्यांतून विद्येचा मान आणि जन्माचा हक्क असे दोन्ही भागत.

इंग्रजी अमलांत, १८२१ सालीं, याच निधींतून पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ त लोकहितवादी प्रभृतींनीं कांहीं रक्कम मराठी ग्रंथांस द्यावी असा अर्ज केला. शास्त्रीमंडळी संतापली, तरी १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. आतां ग्रंथ पाहून बक्षीस ठरूं लागलें. परंतु १८५५ त जोतीराव फुले यांचें ‘तृतीय रत्न’ नाटक कमिटीनें नाकारलें. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळें तें झालें, असें फुल्यांनीं पुढें लिहिलें. नियम पालटले, तरी पारखणारे बहुधा तेच राहिले होते.