अल्प्राझोलाम

अल्प्राझोलाम : चिंताविकार आणि अचानक येणारे भीतीचे झटके (पॅनिक) यांवर वापरले जाणारे, केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे बेंझोडायझेपीन गटातील औषध. भारतात ते अल्प्रॅक्स, रेस्टिल, ट्रिका अशा नावांनी विकले जाते. ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅमच्या गोळ्या जास्त चालतात.

या गटातले पहिले औषध क्लोरडायझेपॉक्साइड. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने ते हॉफमन-ला रोश कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत शोधले. १९६० साली ते ‘लिब्रियम’ नावाने आले, १९६३ मध्ये पाठोपाठ डायझेपाम ऊर्फ ‘व्हॅलियम’ आले. त्याआधीच्या बार्बिट्युरेट औषधांचा डोस थोडा चुकला तरी जिवावर बेतत असे, म्हणून डॉक्टरांनी नव्या गोळ्यांचे स्वागत केले. अपजॉन या अमेरिकी कंपनीचे अल्प्राझोलाम ‘झॅनॅक्स’ या नावाने १९८१ मध्ये मान्य झाले.

मेंदूतील ‘गॅबा’ हे रसायन चेतापेशींची उत्तेजना आवरते. अल्प्राझोलाम त्याचा प्रभाव वाढवते. गोळी घेतल्यावर एक ते दोन तासांत रक्तातील प्रमाण शिगेला पोहोचते. छातीतली धडधड, घशाला पडलेली कोरड, आता काहीतरी वाईट होणार ही भावना तासाभरात ओसरू लागते. एस्सिटालोप्रामसारख्या, आज पहिल्या पसंतीच्या मानल्या जाणाऱ्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मधल्या काळात आधार म्हणून अल्प्राझोलाम थोडे दिवस देणे योग्यच असते. अडचण होते ती हे थोडे दिवस संपतच नाहीत तेव्हा.

औषधाचे प्रमाण निरोगी प्रौढाच्या रक्तात सुमारे ११ तासांत निम्म्यावर येते. काही आठवडे रोज घेतल्यावर मेंदू त्याला सरावतो आणि गोळी एकदम बंद केली की चिंता पूर्वीपेक्षा जोराने उसळते. झोप उडते, हात कापतात, घाम फुटतो, क्वचित फिट येते. घरच्यांना वाटते, आजार परतला. मग गोळी पुन्हा सुरू होते आणि तीच बरी, असा समज घट्ट होतो. रुग्णाची इच्छाशक्ती कमी पडते म्हणून हे घडत नाही. त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने, गरज पडल्यास महिनोन् महिने वेळ घेऊन उतरवावा लागतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांसाठी खास दवाखाना चालवला. त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका आजही वापरली जाते.

दारू किंवा ट्रॅमाडोल, मॉर्फीन यांसारखी अफूवर्गीय वेदनाशामके सोबत घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. बुरशीवरील कीटोकोनॅझोल व इट्राकोनॅझोल या औषधांमुळे अल्प्राझोलाम शरीरात साचते, म्हणून ती एकत्र देत नाहीत. वयस्कांमध्ये ते अधिक काळ टिकते. रात्री लघवीला उठलेल्या आजी तोल जाऊन पडतात, खुब्याचे हाड मोडते. गोळीचा विचार पुष्कळदा त्यानंतर होतो. विसरभोळेपणाही केवळ वयाच्या माथी मारला जातो. गोळी घेऊन वाहन चालवू नये. गर्भवतींनी आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी.

भारतात हे औषध अनुसूची ‘एच-१’ मध्ये येते. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि औषध दुकानदाराला रुग्ण, डॉक्टर व दिलेली मात्रा यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या यादीतही ते आहे. तेलंगणात ताडीत भेसळीसाठी याची भुकटी वापरल्याचे वारंवार उघडकीस आले आहे. तिथे भेसळीची ताडी अचानक मिळेनाशी झाली की पिणारे थरथर, भ्रम आणि फिट घेऊन रुग्णालयात दाखल होतात. आपण कोणते औषध सोडतो आहोत, याची त्यांना कल्पनाही नसते.